पूर्वाची जर्मन परीक्षा आणि मी

ऐका तर, शेजारची पूर्वा बारावीत आहे, जर्मन शिकते, पुढं तिकडच्याच कॉलेजात जायचंय. परवा मी मावा जिलेबी घेऊन थेट तिच्या खोलीत शिरले, तर लॅपटॉपवर तोंडी परीक्षा चालू. ही हुकली तर प्रवेशच हुकला. पडद्यावरच्या जर्मन मॅडमनी काहीतरी विचारलं. माझ्यापुढं "हो काकू" एवढंच बोलणारी पोर घडाघडा बोलत सुटली. एक अक्षर कळलं नाही, तरी मी ऐकतच राहिले.

निकालाच्या दिवशी भीतभीत विचारलं, "माझ्यामुळं गेली का गं?"

"टेन्शन मत लो काकू, पास झाले. मॅडमनी विचारलं, ह्या न विचारता आत कशा आल्या? मी म्हटलं, आमच्या बुरहानपुरात शेजारी विचारून येत नाहीत. मग शेवटपर्यंत तुमच्यावरच बोलले."

अख्ख्या गल्लीची खबर मी ठेवते. माझी खबर पोरीनं जर्मनीत पोचवली.