जिकडून आवाज आला

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, अग्निशमन दलातले सगळे जवान, त्यांच्या घरची मंडळी आणि आज दलातून निवृत्त होताना ज्यांना आपण निरोप देतोय ते आपले मामा,

मला भाषणाची सवय नाही. धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुस्तकं हातात आली ती हे गेल्यावर, घर फार गप्प झालं म्हणून. तेव्हापासून शब्द जरा जपून वापरते.

चिटणीस म्हणाले, "ताई, मानपत्र तुम्हीच वाचा. ‘तारणहार’ शब्द मुद्दाम घातलाय." मी घरी जाऊन कोश उघडला. तारणे म्हणजे संकटातून पार नेणे. किती जणांना, ते कोशात लिहिलेलं नाही.

परवा मामा घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, "वहिनी, तो शब्द काढायला सांगा. ज्याला मी आत सोडून आलो, त्याच्या बायकोने मला तारणहार म्हणायचं?"

बारा वर्षांपूर्वी भरदुपारी धुलाईखान्याचं छत कोसळलं. मी इस्त्रीच्या टेबलाखाली, हे भिंतीपलीकडे, पाय अडकलेला. मामांची पद्धत तुम्हा जवानांना पाठच आहे. सगळी यंत्रं बंद, सगळे चिडीचूप आणि मग एकच हाक, "आत कोणी आहे का?" जिकडून उत्तर येईल, तिकडे आधी खोदायचं.

ती हाक आम्ही दोघांनीही ऐकली. माझ्या डोक्यावरची तुळई करकरत होती. हे पलीकडून म्हणाले, "अगं, मीही ओरडलो तर निम्मी माणसं इकडे येतील. जन्मभर तू बोललीस, मी ऐकलं. आजही तूच बोल."

मला हसू आलं. खरंच आलं. मग मी ओरडले. एकटीच.

फटीतून मामांचा हात आला. त्यांनी विचारलं, "अजून कोणी आहे?" मी म्हणाले, "आधी मला काढा." बाहेर आल्यावर मी बोट दाखवलं, तोवर ती भिंत बसली होती.

मामा, तेव्हापासून तुम्ही माझा गळका नळ बघायला येता, दिवा बदलून जाता, माझ्या नजरेला नजर देत नाही. तुम्हाला वाटतं, आपला कान चुकला. आणि मी खरं पोटात ठेवून तुमच्यापुढे कप ठेवते. त्या ढिगाऱ्याखाली अजून कोण आहे, सांगा बरं? आपण दोघंच ना?

तुमचा कान चुकला नाही. आवाज होता, तो आम्ही नवरा-बायकोने तुमच्यापासून लपवला. म्हणून मी मानपत्र आहे तसंच वाचणार आहे. शब्द राहील. तुम्ही तेवढे आता बाहेर या.

आयोजकांनी मला इथे उभं केलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. हे सांगायला बारा वर्षं लावली, त्याची माफी मात्र मी एकट्या मामांकडे मागते.