दोन सह्यांचं घर

— न्हाय न्हाय, चप्पल आसू द्या की पायात, ताई, फरशी तापलीया. सहावा मजला हाय, वर गच्चीच, उन्हाळ्यात स्लॅब आंधार पडला तरी आग वकतोय — हे आधीच सांगून ठिवतो. एजंट अभिमन्यू म्हनला हुता, 'आबा, गिऱ्हाईक आलं की तुमी गप बसायचं.' पन हितं दुसरं करतोय काय मी? गपच आसतोय की. बसा. ह्यो हाल. ती एक खोली. त्यो वटा. झालं घर. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागं आसं घर घावत न्हाय म्हनत्यात — खाली बघा, समदे डाक्टर आन वकील, गाड्या कशा चकचकीत. पानी मातूर समद्यांना सारकंच, चार-पाच दिसांनी.

शेजार? हाय की शेजार. समोरच्या दारात एक काळा बूट आसतोय आन एक लेडीज सँडल — तेवडंच मला ठावं. लिफ्टमधी भेटली तर मोबाईलात बघत्यात. वंगाळ न्हायत, रीतच तशी हाय हितली. गेल्या साली मला ताप भरला, चार दिस उठलो न्हाय, दुधाच्या पिशव्या दाराच्या कडीला लोंबून नासल्या. पाचव्या दिशी सेक्रेटरी आला — वास येतोय म्हनून सांगायला. डाक्टर त्यानंच बोलावला, खोटं कशाला बोलू. पन आला त्यो वासापायी. — हे बी सांगायचं न्हवतं वाटतं गिऱ्हाइकाला. ऱ्हायलं.

मी सांगोल्याकडचा. धुळाप्पा बंडगर. मेंढरं हुती माझी, शंभराला चार-दोन कमी. दिवाळी सरली की मी आन माझी केराबाई मेंढरं घिऊन निगायचो, पाऊस लागस्तवर माघारी न्हाय. पोरगी एकच, राजनंदिनी. नाव केराबाईनंच ठिवलं, कुटं ऐकलं हुतं कुनाला ठावं — वाडीतली हासली, मेंढक्याच्या घरात राजनंदिनी! पन पोरगी शिकली. हॉस्टेलवर ऱ्हाऊन शिकली, आन हितं सोलापुरात कालिजात प्राध्यापक झाली. केराबाई गेली तवा आली आन म्हनली, 'आबा, आता रानात एकटं ऱ्हायचं न्हाय.' निम्मी मेंढरं चुलतभावाला दिली, हरिबाला, निम्मी इकली, तिनं बँकेचं कर्ज काडलं, आन हे घर घेतलं. म्हनली खोली तुमाला, मी हालमधी झोपते. मी म्हनलं मला आबाळाखाली झोपायची सवं हाय, मी गच्चीवर जातो. कागदावर दोगांची नावं घातली. मी म्हनलं, माझं कशाला गं? तर म्हनली, 'उद्या कुनी म्हनायला नगं, धुळाप्पा लेकीच्या दारात ऱ्हातो.'

चार वर्सं, ताई. लई चांगली गेली. साडेपाचला यायची, पर्स टाकायची, च्या घेत समदा दिवस सांगायची — ह्या मॅडम आशा म्हनल्या, त्या पोरानं पेपरात आसं लिवलं — मला निम्मं कळायचं न्हाय, पन मी ऐकायचो. तिच्यापायी सक्काळधरनं मी गप बसलेला आसायचो, तिचं संपलं की मी सुरू.

मग एक दिस त्याला घिऊन आली. पंचाक्षरी. तिच्याच कालिजात ग्रंथपाल. लिंगायताचं पोर, घरात कानडी बोलत्यात, कपाळाला इभूत. मानूस ग्वाड, काय सांगू. पाया पडला, आन मेंढरांचं इचारत बसला — लोकर कवा कातरता, पिल्लू आजारी पडलं तर काय करता. च्या मीच केला. त्यो गेल्यावर ती म्हनली, 'आबा, आमी लगीन करनार हाय.'

मी काय म्हनलो? म्हनलं, आपल्यातला न्हाय त्यो, वाडीत तोंड कसं दावू. जायचं आसंल तर जा, पन परत ह्या दारात येऊ नगंस. ती म्हनली, 'आबा, दार माझंबी हाय.' मी म्हनलं, मग मी जातो. उठलोबी. तर म्हनली, 'तुमी कुटं जाशीला? तुमी ऱ्हावा.' एक बॅग भरली आन गेली. तिचंच घर, ताई. तिच्याच घरातनं मी तिला काडली.

आन खरं सांगू — हे कुनाला बोललो न्हाय मी — जातीचं मला काय सुदिक न्हवतं. बारा गावचं पानी पिल्याला मानूस मी, रानात कुनाच्याबी हातची भाकर खाल्ल्याली. आन वाडीत आता माझं हाय कोन? मला भ्या वाटलं. नुसतं भ्या. ही गेली की साडेपाचला दार कुनासाटी उगडू? हितं सहाव्या मजल्यावर कुनासंगट बोलू? ते तोंडानं म्हनता येईना, म्हनून जात पुडं केली. एकटं पडू नये म्हनून हाकलली, आन एकटाच पडलो — हासा की, हासन्यासारकंच हाय.

फोन? तिनं केलता, पयल्या म्हैन्यात दोनदा. मी उचालला न्हाय. मग तिचा यायचा बंद झाला, आन मला कराय त्वांड ऱ्हायलं न्हाय. तीन वर्सं झाली. एकदा तिच्या कालिजच्या गेटापातूर गेलतो, हिय्या करून. शिपाई म्हनला, मॅडमनी हितली नोकरी सोडली, पुन्याकडं गेल्या वाटतं. आलो माघारी. लाईटबिल तेवडं कदी माझ्याकडं आलं न्हाय, तीच परस्पर भरती — बटन दाबलं आन उजेड पडला की म्हनतो, बरी हाय पोरगी.

मग इकतो कशाला? आता इचारलंच तुमी... इकायचं म्हनलं की दोगांच्या सह्या लागत्यात. अभिमन्यूच बोलला, रजिस्टर हापिसात दोगांनी समक्ष यायला पायजे. त्याच दिशी मी म्हनलं, लाव जाहिरात, पोरीचा नंबर घे, तिला कळीव. तुमाला फसवीत न्हाय, ताई — ती म्हनली इका, तर इकू. पन हापिसात बाकड्यावर दोन-दोन तास बसाय लागतंय म्हनं. दोन तास ती माझ्या शेजारी बसंल. तेवड्यात मला सुचंल की काय तरी बोलायला.

— काय? कसला कागद? अभिमन्यूनं दिला तुमाला? तुमीच वाचा, मला सहीपुरतंच येतंय. ... कुलमुखत्यार म्हंजे? ... तिच्या वतीनं. तिच्या वतीनं पंचाक्षरी सही करनार. म्हंजे ती न्हाय येनार.

आसं.

तिला येता येत न्हाय, का यायचं न्हाय? ... व्हय, ते कागदात कसं आसंल. बराबर केलं तिनं. मी तिच्या जागी आसतो तर मीबी... वाचा की पुडं, थांबला का? समदं वाचा. ... नाव परत म्हना. राजनंदिनी धुळाप्पा बंडगर. आसंच लिवलंय? माझंच नाव, मधी? ... ऱ्हानार कुटं?

शुक्रवार पेठ? सोलापूरची शुक्रवार पेठ?

आवं, हितनं रिक्षानं धा-पंदरा मिंटं. मी हितं गच्चीवर बसून पुन्याच्या अंगाला बघत हुतो तीन वर्सं. — घर नंबर हाय का त्यात? लिवून द्या की एका चिठ्ठीवर, मोट्या अक्षरात, रिक्षावाल्याला दावीन. ... न्हाय, फोन नगं. फोनवर मला जमायचं न्हाय, आन ती 'नगं' म्हनली तर मग जाता बी यायचं न्हाय. दार न्हाय उगडलं तर पायरीवर बसीन. तिचं दार हाय, तिला वाटंल तवा उगडंल.

घराचं? घराचं मी कसं सांगू, ताई, तिला इचारल्याबिगर? मग बघू. तुमी आता उठा. उठा की — मला कुलूप लावायचंय.