सोमवारची पायरी

ऑफिस कसं निवडावं हे मला विचारू नका, कारण मी ते फार काळजीपूर्वक निवडलं. पर्यटकांना राहायच्या खोल्या ठरवून देण्याचा धंदा काढायचा होता, म्हणून मालवणातला एक गाळा तीनदा जाऊन पाहिला. ओल, उजेड, मोबाईलची रेंज, सगळं वहीत टिपलं. शेवटी शेरा मारला, 'परिसर शांत'. अकरा महिन्यांचा करार केला. जुन्या नोकरीत सुट्टी सोमवारची, तीच सवय. म्हणून पाटीवरही 'सोमवारी बंद' लिहून घेतलं.

मंगळवारी उघडायला गेलो, तर पायरीवर मासे विकणाऱ्या सुमनताई विळी मांडून सुरमई कापतायत. भोवती एवढी गर्दी की कुलपापर्यंत हात पोचेना.

घरमालक दाजींना फोन लावला. "दाजी, ह्यां आधी सांगूक नाय तुमी?"

"तीनदा बघून गेलंस, तुका दिसला नाय?"

"तेव्हा कोणच नव्हता."

"कधी इल्लंस?"

वही उघडली. तिन्ही सोमवार.

"सोमवारी मासे कोण खाता रे?" दाजी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग सुमनताईंनाच विनवलं, की गिऱ्हाईक आत येणार कुठून? त्यांनी विळीवरून मान वर करून जरा विचार केला.

"बरा भाऊ, तुझा नुकसान नको. सोमवारी पायरी तुझी."