क्लबच्या इतिहासातलं पाचवं नाव

तुम्ही हसाल, कदाचित माझंच काही चुकत असेल. २००६ साली मी अमेरिकेत, ईडन प्रेरीला मुलाकडे होतो. शेजारचे लिनसाहेब चीनमधल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचे जुने प्रशिक्षक. त्यांच्या नातवंडांना चिनी वाचता येईना, म्हणून क्लबच्या इतिहासाची पुस्तिका ते मोडक्या इंग्रजीत सांगायचे, मी नीट लिहून काढायचो.

शेवटच्या पानावर दिवंगतांची पाच नावं. पाचवं त्यांचंच.

“ही चूक आहे. काढून टाकू?” मी विचारलं.

“नव्या मालकांनी घाईत छापलं. तेव्हा पाचही जण जिवंत होतो. चौघे गेले, यादीच्या क्रमानेच.”

मी इतिहासाचा प्राध्यापक, तरी यादी पुन्हा पहिल्या नावापासून वाचली.

“राहू दे,” ते शांतपणे म्हणाले. “अनुवादक म्हणून तुमचंही नाव घाला. माझ्या नावाखाली जागा आहे.”

मी पेनाला टोपण लावलं.