आत बाई दिसते का?

छप्पन सालच्या नोव्हेंबरात पांढुर्ण्याच्या मोटार स्टँडवर रांगेत माझ्यापुढं एक वयस्क जोडपं उभं होतं. समोर खानावळींची ओळ.

"भूक लागली न वं, अंबा? त्या कोपऱ्यावरच्या खानावळीत जाऊ. तिथं झुणका झ्याक असते."

"आत बाई दिसते का?"

"नाही. बरं, बाजूचं भोजनालय?"

"तिथं बी सारे माणसंच जेवून राहिले."

"बायका कुठं हाटेलात जेवतात वं! पानात बांधून आणतो, तू इथंच खा."

"अवो, राजधानी नागपूरहून उठून भोपाळले गेली, न मी हा रस्ता बी पार करू नये?"

"मंग जाऊ कोठी?"

"झुणक्याच्याच खानावळीत. मी बसली म्हणजे मागून येणारीले आत बाई दिसन."