बाहेरून कुलूप

तळ्यातल्या जुन्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीच्या रांगेत एक मावशी कुडकुडत उभ्या होत्या. त्यांच्या पुढेच एका नवरा-बायकोची जुंपली होती.

“अहो, निघताना दाराला कुलूप लावलंत?”

“मग काय, घर उघडं टाकून येऊ?”

“आबा आत होते ना!”

“अरे देवा! हाताला सवयच ती. आठवड्यापूर्वी तर राहायला आलेत ते.”

“डबेवाली कुलूप बघून परत गेली असणार. कालपासून उपाशी असतील. लावा फोन, स्पीकरवर!”

“हॅलो, आबा? बरे आहात ना?”

“मी? एकदम झकास! आत्ताच कोपऱ्यापर्यंत फिरून आलो. डबाही गरम होता.”

“आबा, ते दार...”

“दाराचं काय? तुम्ही मजा करा रे. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर पडलाय दोघं. ठेवतो.”

“फिरून आले म्हणे! दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये आहेत हो!”

“चला, पुढचे दोघं, पाय जपून!” होडीवाला ओरडला.

“आम्ही नाही येत, दादा. बस कुठून सुटते?”

बायको तोवर शेजारणीला फोन लावून मोकळी झाली होती.

“काकू, आमच्या दाराचं कुलूप फोडा. आबा आतून नको म्हणतील, तरी फोडा.”