फळ्यांवरची माती

(अंगणात गाडीच्या वाटेसाठी वीतभर खणलेला चर. सून चरात उभी, मुकादम काठावर, सासरे पायरीवर.)

मुकादम : वहिनी, आहात तिथंच थांबा. पाऊल उचलू नका.

सून : का? खडी आज पडेल का, एवढंच विचारायला आले मी.

मुकादम : खडीचं राहू द्या. मघाशी माती चोपायला तिथं धुम्मस मारली, तर माठावर थाप मारल्यासारखी जमीन घुमली. काका, इथं पूर्वी काय होतं?

सासरे : चार बोटंच खणा म्हणालो होतो मी.

मुकादम : यावरून गाडी जाणार आहे. तळ चोपून घट्ट केल्याशिवाय खडी टिकत नाही. काय होतं ते सांगा.

सासरे : विहीर.

सून : पण ती तर बुजवली ना? सासूबाई सांगायच्या, आठ गाड्या माती लागली म्हणून.

सासरे : मीच सांगितलं होतं तिला तसं. तुझा नवरा रांगायला लागला, तशी ती माहेरी जाऊन बसली. विहीर बुजवल्याशिवाय येणार नाही म्हणाली. मी फळ्या टाकल्या, वर हातभर माती. पुढं बुजवू म्हटलं. राहूनच गेलं.

मुकादम : खोल किती?

सासरे : तीस हात. पाणी होतं.

सून : बाबा, छकुली रोज इथं दोरीच्या उड्या मारते.

मुकादम : वहिनी, ते नंतर. सावकाश खाली बसा. आता पालथ्या पडा, हातपाय पसरून. मी शिडी आडवी सरकवतोय.

सून : खाली काहीतरी कडकडलं.

मुकादम : ऐकलं मी. शिडी धरा.

सासरे : मी येतो तिकडं.

मुकादम : काका, पायरीवरून हलू नका.

सून : पोटाखालची माती चाललीय.

मुकादम : जाऊ दे. माझ्याकडं बघा. कोपरांवर सरका. अजून थोडं. हात द्या. हं, सुटलात.

सून : तो आवाज...

मुकादम : फळी पाण्यात पडली. बसा, श्वास घ्या.

सासरे : लागलं का गं कुठं?

सून : तुम्ही नेहमी कुंपणाच्या कडेनं जायचात. आम्हाला वाटायचं, सावलीसाठी.

सासरे : रोज वाटायचं, आज सांगू.

मुकादम : मी इथं दोर बांधतो. कुणाला आत येऊ देत नाही.

सून : छकुलीची शाळा सुटायची वेळ झाली. मी कोपऱ्यावर जाऊन थांबते.

सासरे : मी येऊ?

सून : चला. पण तिला तुम्ही सांगायचं.